टोपी घालून दिलेली मुलाखत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी बोलत असताना मध्ये कोणी हसलं की माझा धीर सुटतो आणि वाटायला लागतं, आपण चुकीचाच किस्सा काढला. बहुतेक चुकीचाच काढलाय. पण तुमचा चहा अजून अर्धा आहे आणि माझी फजिती पूर्ण आहे, तेव्हा ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा यवतमाळचा, पण तेव्हा सुरतेत एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. एम.एस्सी., एम.फिल., पीएच.डी. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, यावर माझा प्रबंध आहे. म्हणजे मला अंदाज यायला हवा होता. आला नाही, हे पुढे दिसेलच.

वय चाळिशीच्या आसपास. लग्न झालेलं नव्हतं. लग्नाला माझा विरोध नव्हता, विचार चालू होता.

त्या वर्षी आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती माझी होती. पण मध्ये एक मुलाखत होती, आणि मुलाखत म्हटली की माझं सगळं शिक्षण घशाशी येऊन अडकतं. मागे एकदा हीच जागा निघाली होती, त्या खेपेला समितीच्या अध्यक्षांनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, "आपणच डॉक्टर टेकाडे का?"

मी म्हणालो, "बहुतेक."

ती खेप तिथेच संपली. आता दुसरी आणि बहुधा शेवटची संधी होती. ही गेली असती तर माझ्याच हाताखाली शिकून पास झालेला एक तरुण माझा साहेब झाला असता. मला त्याचा राग नव्हता. फक्त त्याला मी अंतर्गत परीक्षेत नापास केलं होतं.

अशात आमचे प्राचार्य देसाईसाहेब कुठल्याशा शिबिराहून आले ते नवीनच खूळ घेऊन. वैयक्तिक कौशल्य विकासाचा अभ्यासक्रम! मला बोलावून म्हणाले, "टेकाडेभाई, तमे सौथी वधारे भणेला छो. तुम्हीच घ्या."

सगळ्यात जास्त शिकलेला, म्हणून व्यक्तिमत्त्व विकास माझ्याकडे. यातला तर्क मला आजही सापडलेला नाही. मी म्हणालो, "साहेब, माझ्यात तर..."

"लेक्चर नहीं लेवानुं," ते म्हणाले. "मुलांनी एकमेकांना शिकवायचं. गट करायचे. शिक्षकसुद्धा गटातला एक. बस."

लेक्चर नाही म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. माणूस फसतो तो असा.

माझ्या वाट्याला आलेल्या गटात तिघं होती. कतारगामचा जिग्नेश, घरी हिऱ्याला पैलू पाडायचं काम. वर्षा, मूळची परभणीकडची, वडील हजीऱ्याला बांधकामावर मुकादम. आणि उधन्याचा हेमंत पाटील, खानदेशी, वडील लूमच्या कारखान्यात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याला काय शिकायचंय ते सांगायचं होतं. हेमंत म्हणाला, "मुलाखत द्यायला शिकायचंय." वर्षा म्हणाली, मलाही. जिग्नेश म्हणाला, मलापण. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली, कारण मीही गटातलाच.

मी खाली बघत म्हणालो, "बहुतेक... मलाही तेच."

जिग्नेश बाह्या सरसावत म्हणाला, "तो सर, पहले आपको ही पकडते हैं. आपका केस अर्जंट है."

खोटं कशाला बोलू, असे शिक्षक मला जन्मात मिळाले नव्हते. वर्षाने नियम केला की मी 'बहुतेक' किंवा 'माझं चुकत असेल' म्हणालो की ती बाकावर टकटक करणार. पहिल्या दिवशी तिचं बोट सुजलं. जिग्नेशने डोळ्यांत बघायला शिकवलं. "सर, हिरा बघतो तसं बघायचं. घाबरला तर हिऱ्यात खोट दिसते, नाय घाबरला तर समोरच्याला आपल्यातली खोट दिसत नाय." हेमंतने खुर्चीत पाठ टेकून बसायला शिकवलं. तोवर मी खुर्चीच्या कडेला, बस सुटेल म्हणून बसतात तसा बसायचो.

होता होता टकटक कमी झाली. मी वाक्याच्या शेवटापर्यंत पोचायला लागलो. पण वर्षा म्हणाली, "सर, आमच्यासमोर बोलताय हो, पण आम्ही काय तुम्हाला परके आहोत का? अनोळखी माणसासमोर जमलं पाहिजे."

"मग आमच्या घरी या," हेमंत म्हणाला. "आमचे अण्णा जॉबर आहेत. लूमवर माणूस ठेवायचा की नाही ते तेच ठरवतात. फाडफाड प्रश्न विचारतात. मी सांगून ठेवतो त्यांना, सर येणार आहेत, त्यांना काय वाटेल ते विचारा, लाजू नका. तुमचं झालं की मग आम्ही तिघं."

मला कल्पना फारच आवडली. रविवार सकाळ ठरली.

आता इथून नीट लक्ष द्या, कारण इथून पुढे मी प्रत्येक गोष्ट अगदी शहाण्यासारखी केली.

मुलाखत म्हणजे नीटनेटका पोशाख, म्हणून नवा शर्ट घातला. उधन्याच्या गल्ल्या मला ठाऊक नव्हत्या, म्हणून घरमालक रतिलालकाकांना विचारलं. त्यांचा सुताचा धंदा, सगळं उधना पाठ. ते म्हणाले, "पत्ता कशाला, हुं पोतेज आवुं छुं." स्वतःच येतो म्हणाले. ते निघाले म्हणून कांताकाकी निघाल्या. मी हात हलवत निघालेला पाहून काकी कळवळल्या. "खाली हाथे कोईना घरे जवाय?" रिकाम्या हाताने कोणाकडे जातात का? त्यांनी वाटेत पेढ्यांचा पुडा घेतला आणि माझ्या हातात दिला.

तेव्हा चित्र असं होतं. रविवारची सकाळ. अविवाहित मास्तर. अंगावर नवा शर्ट, हातात पेढे, दोन्ही बाजूंना वडीलधारं जोडपं, मागे गटातली दोन मुलं. आणि हेमंतच्या घरात त्याची एक लग्नाची आत्या होती, ही माहिती माझ्याकडे नव्हती. मला वाटलं, मी मुलाखतीला चाललोय!

पाटलांकडे पोचलो तर दारात सडा-रांगोळी. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंगावर नवी चादर, भिंतीशी खुर्च्या. शेजारच्या कारखान्यातले लूम रविवारीही खटखटत होते, त्यामुळे सगळे जरा मोठ्याने बोलत होते. अण्णांनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं. मी मनात म्हटलं, वातावरणनिर्मिती चांगली केलीय.

हेमंत दिसेना. कळलं, आईने त्याला बर्फी आणायला पिटाळलं होतं.

मी खुर्चीत पाठ टेकून बसलो. अण्णा समोर. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा. त्यांनी घसा खाकरला.

"शिक्षण किती झालं म्हणे, सर?"

मी सगळं सांगितलं. प्रबंधाचा विषयही सांगितला.

अण्णा बायकोकडे वळून अहिराणीत म्हणाले, "भलता शिकेल शे वं!" मग मला, "घरी कोण कोण?"

"आई-वडील नाहीत. थोरला भाऊ यवतमाळला असतो." कौटुंबिक पार्श्वभूमी बँकेच्या मुलाखतीतही विचारतात, हे मला माहीत होतं.

"काही व्यसन?"

"वाचनाचं," मी हिऱ्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत म्हणालो. अण्णा हसले. रतिलालकाका हसले. कांताकाकी पुढे सरकून हेमंतच्या आईला सांगू लागल्या, "बहु सारा माणस छे, बेन. दारू नहीं, बीडी नहीं. आखो दिवस वांचे."

शिफारससुद्धा! या मुलाखतीत काही म्हणजे काही कमी नव्हतं.

"मग इतके दिवस थांबले कशाला?" अण्णांनी विचारलं.

हा प्रश्न अवघड होता. तुम्ही पूर्वीच विभागप्रमुख का झाला नाहीत, असा त्याचा अर्थ मी लावला. पूर्वीचा मी असतो तर इथे 'माझंच चुकलं असेल' म्हणून रडकुंडीला आलो असतो. पण त्या दिवशी मला कसलीच भीती नव्हती. ही तर लुटुपुटूची मुलाखत! हरलो तरी काय जाणार होतं? म्हणालो, "मी घाई केली नाही. जबाबदारी मोठी आहे. ती घ्यायची तर आधी आपण तिच्या लायक व्हायला हवं. आज मी तयार आहे."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वा! आन राग?"

"राग आला तर मी आधी दुसऱ्याची बाजू समजून घेतो. संवादाने सगळे प्रश्न सुटतात."

आतून बायकांची कुजबुज ऐकू आली. माझा आवाज चढतच चालला होता, लूमच्या खटखटाटावर मात करून. मागे बसलेली वर्षा डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. भुवया वर, डोळे मोठे. मला वाटलं, शाबासकी देतेय.

तेवढ्यात एक बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. पस्तिशीच्या असतील, साधी सुती साडी, चष्मा. अण्णा म्हणाले, "ही माझी धाकटी बहीण, सुनंदा. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत बाई आहे." त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. समितीत शिक्षण क्षेत्रातली तज्ज्ञ व्यक्तीही घेतलेली पाहून मला हेमंतचं कौतुक वाटलं.

"तुला काय इचारायचं ते इचार, सुनंदे," अण्णा म्हणाले.

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला गप्प बसायला आवडतं का?"

किती सुंदर प्रश्न! आयुष्यात मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी मौनाचं महत्त्व, ऐकण्याची कला, वर्गातली शांतता आणि मनातली शांतता यांतला फरक, आणि शेवटी शांततेचा उत्पादकतेवर होणारा परिणाम, हे सगळं समजावून सांगितलं. माझा चहा गार झाला. अण्णांचा दुसरा कप झाला. बाई ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा त्या "बरं" एवढंच म्हणाल्या आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

मला वाटलं, निरुत्तर झाल्या.

मग अण्णा आत गेले, बाहेर आले. हेमंतच्या आईने ताट आणलं. ताटात नारळ, टॉवेल, टोपी, हळदकुंकू.

आता मला सांगा, यात संशय घेण्यासारखं काय होतं? कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा आम्ही सत्कार करतो. नारळ असतो, शाल असते. शाल महाग, म्हणून टॉवेल. खानदेशात टोपीही घालत असतील. त्यांनीच माझ्या कपाळाला टिळा लावला, अण्णांनी डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला, आणि कांताकाकींनी मी आणलेल्या पुड्यातला पेढा माझ्याच तोंडात कोंबला.

सत्कार झाला की दोन शब्द बोलायचे असतात. मी पेढा गिळला, उठून उभा राहिलो. टोपी जरा मोठी होती, कानांवर आली.

म्हणालो, "आपण सर्वांनी मला जे आपलं मानलं, त्याने मी भारावून गेलो आहे. आपण सोपवलेली ही जबाबदारी मी आनंदाने स्वीकारतो. हे नातं एका दिवसाचं नाही..."

मागून टक टक टक!

वर्षा पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक करत होती. मला कळेना. मी 'बहुतेक' म्हणालोच नव्हतो! म्हणून मी आणखी ठामपणे म्हणालो, "निश्चितच, हे नातं कायमचं आहे, आणि यापुढे मी वरचेवर या घरी येत राहीन."

टाळ्या. हेमंतच्या आईने डोळ्यांना पदर लावला. त्याच क्षणी दारात बर्फी घेऊन हेमंत उभा राहिला. त्याने माझी टोपी पाहिली, टिळा पाहिला, नारळ पाहिला. बर्फीचा पुडा त्याने हळूच चपलांवर ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही काय करी ऱ्हायनात?"

"काय म्हंजे? आरे, तुले मीच सांगं होतं ना, सर येकटेच शेतस, इचारी पाह्य? तू इचारं. लई भारी काम करं!"

हेमंतला आठवलं. गेल्या महिन्यात अण्णांनी त्याला खरंच आत्यासाठी मला विचारून बघायला सांगितलं होतं, तो 'हो' म्हणून विसरला होता. हे सगळं त्याने मला रस्त्यावर सांगितलं, रडवेला होऊन. मी टोपी घालूनच ऐकत होतो. काढायचं सुचलं नाही.

"सर, मी किती खुणा केल्या!" वर्षा म्हणाली.

"मला वाटलं, चांगलं चाललंय."

"चांगलंच चाललं होतं, सर," जिग्नेश म्हणाला. "फस्ट क्लास. आप सिलेक्ट हो गए."

मी कांताकाकींकडे वळलो. "काकी, तुम्हाला तरी..."

"मने तो खबर ज हती," काकी शांतपणे म्हणाल्या. "नहीं तर पेंडा शेना?" त्यांना आधीच माहीत होतं, आणि नाहीतर पेढे कशाचे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

सोमवारी मी सुनंदाबाईंच्या शाळेत गेलो. टोपी, टॉवेल, नारळ पिशवीत. झाला प्रकार सांगायचा, माफी मागायची आणि परत यायचं, असं ठरवून निघालो होतो. पण तुमच्यापासून काय लपवू? वाटेत माझी चाल मंदावली. सकाळी दाढी करताना मी शीळ घालत होतो, हे रतिलालकाकांनी लक्षात आणून दिलं होतं. गप्प बसायला आवडतं का! असं मला कोण विचारणार होतं पुन्हा? विचार करता करता मला वाटायला लागलं की झालेल्या प्रकारात दुरुस्त करण्यासारखं तसं फार काही नाही.

मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पोरांचा धुडगूस. बाई बाहेर आल्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मीच निरोप पाठवणार होते. मी दादाला कालच नाही म्हणून सांगितलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"का?" मी विचारलं.

"तुम्ही चांगले आहात. हुशार आहात. दादाला तर फारच आवडलात. पण..." त्यांनी एका पोराच्या हातातला दगड काढून घेतला. "बोलता फार."

"मी?"

"राग नका मानू. मला दिवसभर हा असा गोंगाट. घरी दादाचा आवाज, गल्लीत लूम. मला वाटलं होतं, एवढा शिकलेला माणूस, गप्प असेल. जरा बुजरा, घाबरट असला तरी चाललं असतं. ज्याला आपलंच खरं वाटत नाही, असा. तुम्ही तर मौनावरच केवढं बोललात!"

काय सांगू तुम्हाला! चाळीस वर्षं ज्या माणसाला मी लपवत होतो, त्याची इथे मागणी होती!

"बाई," मी म्हणालो, "तुमचा गैरसमज झालाय. मी अत्यंत घाबरट माणूस आहे." आणि मग मी त्यांच्या डोळ्यांत बघत, पाठ ताठ ठेवून, एकदाही न अडखळता, माझ्या घाबरटपणाचे पुरावे क्रमाने मांडले. बालपणापासून. कारणं सांगितली, उदाहरणं दिली, शेवटी सारांशही सांगितला. आसपासची पोरं दंगा थांबवून ऐकायला लागली. एका शब्दालाही 'बहुतेक' चिकटला नाही. वर्षा तिथे असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बघा," त्या हसून म्हणाल्या. "किती ठामपणे बोलता!"

घंटा झाली. त्या वर्गात गेल्या. पिशवी परत घेतली नाही. म्हणाल्या, सत्काराचं कोणी परत करतं का.

त्याच आठवड्यात विभागप्रमुखपदाची मुलाखत झाली. तिथे मात्र लुटुपुटूचं काही नव्हतं. टेबलापलीकडे चौघं गंभीर माणसं, मध्ये पाण्याचा पेला. मी आत गेलो आणि बसलो, खुर्चीच्या कडेला. त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं, योजनांबद्दल विचारलं. मी पाणी प्यायलो. त्यांनी पेला पुन्हा भरला. मी तोही प्यायलो. अध्यक्ष फार सज्जन होते. म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. पण या जागेला जरा बोलणारा माणूस हवा."

म्हणजे बघा, सुनंदाबाईंना हवा होता तो माणूस समितीसमोर बसला होता, आणि समितीला हवा होता तो रविवारी उधन्यात टोपी घालून बसला होता. गडी एकच. फक्त कुठे कोणी जायचं, ते त्याला जमलं नाही.